ओळखीच्या परिसरातील शांत सौंदर्याचे छायाचित्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजची वाट, घरामागची मोकळी जागा, खिडकीतून दिसणारा आकाशाचा तुकडा अशा नेहमीच्या दृश्यांच्या छायाचित्रणाविषयी वाचक जे प्रश्न सतत पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत आणि पुढे अडचणीच्या, अपवादात्मक बाबी येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओळखीच्या परिसराचे छायाचित्रण म्हणजे नेमके काय? ते निसर्गछायाचित्रणापेक्षा वेगळे आहे का?

ज्या जागेवरून आपण वरचेवर जातो, जिथले वळण, झाड, भिंत आणि चढ आपल्याला डोळे मिटूनही सांगता येतात, अशा जागेची छायाचित्रे काढणे, इतकाच त्याचा अर्थ आहे. साधने आणि तंत्र निसर्गछायाचित्रणाचेच असते. फरक आहे तो विषयाच्या निवडीत. डोंगरकडा किंवा धबधबा मुळातच इतका भव्य असतो की चित्रातले निम्मे काम तोच करून टाकतो. ओळखीच्या जागेत अशी आयती मदत मिळत नाही. तिथे प्रकाश, हवा, वस्तूंमधील अंतर आणि आपण कुठे उभे राहायचे हा निर्णय, एवढ्यांतूनच चित्र घडवावे लागते.

हा प्रकार अलीकडचाही नाही. कॅमेऱ्याने टिपलेले आणि आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समधील आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून घेतले. त्यात दिसतात ती फक्त आजूबाजूची छपरे, इमारती आणि वरचे आकाश. एक्सपोजर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा काळ, इतके दीर्घ होते की तेवढ्या वेळात सूर्य एकीकडून दुसरीकडे सरकला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या दिसतात. छायाचित्रणाच्या इतिहासाची सुरुवातच अशी रोजच्या दृश्याने झाली आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

२. माझ्या परिसरात फोटो काढण्यासारखे काहीच नाही. मग सुरुवात कुठून करू?

वस्तू शोधणे थांबवा आणि प्रकाश कुठे पडतो ते शोधा. घरापासून चालत पाच मिनिटांच्या आतला एखादा लहानसा टापू निवडा आणि पहिले काही दिवस एवढेच पाहा की ऊन कोणत्या वेळी कोणत्या पृष्ठभागावर येते, किती वेळ थांबते आणि कुठून निघून जाते.

एखादी जुनी, गिलावा उडालेली भिंत घ्या. तिच्यावर समोरून ऊन पडलेले असते तेव्हा ती सपाट आणि निर्जीव दिसते. तेच ऊन तिरपे होऊन भिंतीला घासून जाऊ लागले की गिलाव्यातल्या प्रत्येक खळग्याला एक उजळ आणि एक काळी कड मिळते, पाण्याच्या जुन्या ओघळांचे डाग उठून दिसू लागतात आणि भेगेतून उगवलेल्या गवताच्या पात्याची सावली पात्याच्या कितीतरी पट लांब होऊन भिंतीभर पसरते. पाते जरासे हलले तरी ती सावली वीतभर सरकते. हे सारे काही मिनिटांचे असते; नंतर ऊन भिंतीच्या मागे जाते आणि भिंत पुन्हा नुसती भिंत होते. जिथे काहीच नाही असे वाटते, तिथे बहुधा आपण चुकीच्या वेळी पोहोचलेले असतो.

अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलित्झ यांनी १९२२ पासून न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथील आपल्या कुटुंबाच्या उन्हाळी घराच्या परिसरातून ढगांची छायाचित्रे काढायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षे ती मालिका चालू ठेवली. ढग कोणालाही आणि कुठूनही दिसतात. त्यासाठी खास जागी जावे लागत नाही. विषयाच्या दुर्मिळतेवर चित्राचे मोल ठरत नाही हे दाखवून देणारे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

३. यासाठी महागडा कॅमेरा लागतोच का? मोबाईल चालेल का?

चालेल, आणि सुरुवातीला मोबाईलच बरा, कारण तो नेहमी जवळ असतो. मात्र त्याच्या दोन सवयी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की मोबाईलच्या मुख्य लेन्सचा दृश्यकोन बहुधा २४ ते २८ मिलिमीटरच्या लेन्सइतका रुंद असतो (मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद), त्यामुळे समोरचे झाड प्रत्यक्षात वाटते त्यापेक्षा फारच लहान आणि दूर दिसते. यावर उपाय म्हणजे दहा पावले पुढे जाणे. दुसरी सवय अशी की मोबाईल अनेक एक्सपोजर एकत्र करून सावल्या आपोआप उजळवतो. संधिप्रकाशातला अंधार हाच जर चित्राचा गाभा असेल, तर हे उजळवणे त्याच्या मुळावर येते. म्हणून पडद्यावर बोट ठेवून एक्सपोजर हाताने कमी करण्याची सवय लावावी आणि सोय असल्यास रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवून, चित्र घ्यावे (कारणासाठी प्रश्न १४ पाहा).

कॅमेऱ्याचा खरा फायदा अंधुक प्रकाशात, मोठी प्रत छापताना आणि लेन्स बदलायची असेल तेव्हा जाणवतो. ट्रायपॉड मात्र लवकर घ्यावा, असे मी आवर्जून सांगेन. तो चित्र हलू देत नाही हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो माणसाला एका जागी थांबवतो आणि चौकटीच्या कडा नीट पाहायला लावतो.

४. कोणती लेन्स योग्य?

एकच लेन्स ठेवायची असेल तर ५० मिलिमीटर, अर्थात फुल फ्रेम सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या मोठ्या पृष्ठभागावर. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर साधारण तेच दृश्य ३५ मिलिमीटरमध्ये मिळते. २४ मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ७४ अंशांचे दृश्य पकडते, तर ५० मिलिमीटरची सुमारे ४० अंशांचे. ओळखीच्या परिसरात नको असलेल्या गोष्टी पुष्कळ असतात, त्यामुळे अरुंद दृश्य निवडीला मदत करते. झूम लेन्स वाईट नाही, पण एका अंतरावर काही महिने काम केले की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट दिसू लागते, आणि तो सराव झूम फिरवत राहिल्याने होत नाही.

५. रोज पाहून पाहून जागा दिसेनाशी झाली आहे. नजर पुन्हा ताजी कशी करायची?

हा या सगळ्या विषयाचा मूळ प्रश्न आहे. अतिपरिचयात् अवज्ञा होते ती डोळ्यांच्या दोषामुळे नव्हे. मेंदू वस्तू ओळखतो, तिला नाव देतो आणि लगेच पुढे सरकतो. “फाटक”, “झाड”, “खांब” असे शिक्के बसले की फाटकाच्या गजांमधून झिरपणारा प्रकाश पाहण्याची गरज त्याला उरत नाही. तेव्हा नाव आणि आकार यांची फारकत करणे, हेच आपले काम.

याचा एक जुना आणि खात्रीचा मार्ग मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यांनी दाखवला आहे. त्यांच्या मागच्या धूसर काचेवर दृश्य उलटे, म्हणजे खालचे वर आणि डावीकडचे उजवीकडे, असे दिसते. ते वापरणाऱ्या छायाचित्रकारांना वस्तूंच्या आधी आकार, वजन आणि तोल दिसत असे. आपल्यालाही हे सहज करता येते: काढलेले चित्र पडद्यावर उलटे करून पाहा. आकाशाचा पांढरा भाग किती मोठा झाला आहे, काळा भाग कुठे साचला आहे आणि कोणती रेघ कडेला जाऊन धडकते, हे चटकन लक्षात येईल.

दुसरा मार्ग वस्तूंमधल्या मोकळ्या जागा पाहण्याचा आहे. दोन फांद्यांमधले आकाश, दोन भिंतींमधली फट, झाड आणि त्याची सावली यांच्यामधली जमीन. या जागांना नावे नसल्यामुळे मेंदूला त्या ओळखून बाजूला टाकता येत नाहीत. तिसरे म्हणजे डोळ्यांची उंची बदलणे. बसून, गुडघ्यांवर टेकून किंवा जिन्याच्या वरच्या पायरीवरून तीच वाट पाहिली की तिच्यातली अंतरे बदलतात. येताना नेहमी ज्या दिशेला पाठ असते, त्या दिशेला तोंड करून चालून पाहणेही असेच उपयोगी पडते.

आणि सर्वांत साधे, तरीही सर्वांत कमी केले जाणारे काम म्हणजे कॅमेरा पिशवीत ठेवून दहा मिनिटे बसणे. पहिल्या काही मिनिटांत मन कंटाळते. त्यानंतर मात्र वाऱ्याची दिशा, एकाच फांदीचे हलणे, छपराच्या कडेवरचा उजेड असे तपशील दिसू लागतात. ते छोट्या वहीत शब्दांत टिपून ठेवावेत. आठवडाभराची टिपणे वाचली की आपली नजर पुन्हापुन्हा कशाकडे जाते ते कळते, आणि आपला विषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

६. चांगले फोटो फक्त सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळीच मिळतात का? मला त्या वेळी बाहेर पडणे जमत नाही.

नाही. त्या वेळेचे महत्त्व खरे आहे, पण त्याची कारणे समजून घेतली की इतर वेळाही वापरता येतात. सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या किरणांना, तो डोक्यावर असतानाच्या तुलनेत, सुमारे ३८ पट हवेतून यावे लागते. वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि उरलेला प्रकाश पिवळसर, तांबूस होतो. शिवाय सूर्य १० अंश उंचीवर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या साडेपाच पटींहून लांब असते, तर ४५ अंशांवर ती उंचीइतकीच होते. म्हणजे त्या वेळी रंग आणि तिरपेपणा या दोन गोष्टी मिळतात.

माझे स्पष्ट मत असे की सोनेरी उजेडाला अवाजवी महत्त्व दिले जाते. तो इतका प्रभावी असतो की कोणतीही जागा त्यात छान दिसते, आणि म्हणूनच सगळ्या जागा एकसारख्या दिसू लागतात. सूर्य मावळल्यानंतर तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा नागरी संधिप्रकाश मला अधिक उपयोगाचा वाटतो, कारण त्यात सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि प्रत्येक पृष्ठभाग स्वतःचा रंग दाखवतो. या वेळी व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आपोआप ठरणाऱ्या पर्यायावर ठेवू नये, कारण कॅमेरा संध्याकाळचा निळेपणा दोष समजून काढून टाकतो. तो दिवसाच्या उजेडावर, साधारण ५,५०० केल्विनवर, स्थिर ठेवावा.

फक्त दुपारच मोकळी असेल तर सावलीच्या बाजूला जावे. समोरच्या उजळ भिंतीवरून परतून बोळात येणारा प्रकाश मऊ आणि दिशायुक्त असतो. दाट झाडाखाली जमिनीवर पडलेले गोल कवडसे म्हणजे पानांमधल्या बारीक फटींनी तयार केलेल्या सूर्याच्या प्रतिमा असतात. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

७. आकाश पूर्ण ढगाळ असेल तर बाहेर पडावे का?

अवश्य. ढगांचे आच्छादन हाच एक प्रचंड मोठा प्रकाशस्रोत असतो, त्यामुळे कडक सावल्या पडत नाहीत आणि ओल्या मातीचे, शेवाळाचे, सालींचे बारीक रंगभेद टिकतात. फक्त आकाशाचा पांढरा पट्टा चौकटीत घेऊ नका, किंवा घेतलाच तर अगदी थोडा घ्या. पाऊस नुकताच थांबला असेल तर पाच मिनिटेही दवडू नयेत.

८. धुक्यात दृश्य अप्रतिम दिसते, पण फोटो मळकट राखाडी येतात. असे का?

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. धुके त्याहून बरेच उजळ असते, म्हणून तो एक्सपोजर कमी करतो आणि पांढरे धुके राखाडी होते. एक्सपोजर भरपाई साधारण एक स्टॉपने, म्हणजे प्रकाश दुप्पट होईल इतकी, वाढवावी आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) उजवीकडे सरकला तरी उजव्या कडेला आपटत नाही ना, ते पाहावे.

धुक्यात अंतर वाढेल तसा काळेपणा आणि स्पष्टपणा कमी होत जातो. म्हणून जवळ एक, मध्ये एक आणि दूर एक अशा गोष्टी चौकटीत असल्या की खोली आपोआप तयार होते. जवळचे गडद काहीच नसेल तर चित्र नुसते पांढुरके राहते. जमिनीलगतचे धुके बहुधा निरभ्र, वारा नसलेल्या आणि दमट रात्रीनंतर सखल भागात साचते आणि सूर्य वर आला की विरते. आदल्या संध्याकाळी आकाश मोकळे, हवा स्तब्ध आणि जमीन ओली असेल तर पहाटेचा गजर लावून ठेवावा.

९. प्रत्यक्षात जागा सुंदर वाटते, फोटोत मात्र सपाट आणि गर्दीची दिसते. काय चुकते?

आपल्या डोळ्याला अगदी स्पष्ट दिसते ते मध्यभागातील जेमतेम दोन अंशांचे दृश्य. बाकीचे चित्र नजर फिरवत मेंदू जुळवतो आणि नको ते गाळतो. कॅमेरा काहीच गाळत नाही. शिवाय दोन डोळ्यांमुळे जाणवणारी खोली, वारा, आवाज आणि मातीचा वास यांतले काहीही सपाट चित्रात उतरत नाही.

म्हणून शटर दाबण्याआधी स्वतःला एका वाक्यात सांगावे की आपण नेमके कशासाठी थांबलो. “झाड सुंदर आहे” हे उत्तर पुरेसे नाही. “झाडाच्या काळ्या खोडामागे भिंत उजळली आहे” हे पुरेसे आहे, कारण त्यात दोन गोष्टींमधले नाते आले. मग त्या नात्याला जे लागत नाही ते चौकटीबाहेर ठेवायचे. एक पाऊल डावीकडे सरकल्याने खोड आणि मागचा खांब वेगळे होत असतील तर ते पाऊल टाकायचे. एकमेकांना चिकटलेल्या कडा सुट्या करणे हे खोली आणण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. ऊन पाठीमागून येण्याऐवजी बाजूने आले तरी हाच परिणाम साधतो (प्रश्न २ मधील भिंतीचे उदाहरण पाहा).

१०. विजेच्या तारा, पाण्याच्या टाक्या, पत्र्याची छपरे यांचे काय करायचे? नंतर पुसून टाकाव्यात का?

आधी त्यांच्याकडे नीट पाहा. १९७५ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाऊसमध्ये माणसाने बदललेल्या भूदृश्यांचे एक प्रदर्शन झाले. त्यात निर्मनुष्य डोंगरदऱ्यांऐवजी नव्या वसाहती, वाहनतळ, गोदामे आणि कारखान्यांच्या भिंती होत्या, आणि भूदृश्याच्या छायाचित्रणावर त्या प्रदर्शनाचा प्रभाव आजही आहे. त्या छायाचित्रकारांनी तारा टाळल्या नाहीत. त्या कुठून कुठे जातात आणि आकाशाचे कसे भाग पाडतात हे त्यांनी शांतपणे दाखवले.

तार चित्राची रचना बिघडवत असेल तर उभे राहण्याची जागा बदला. ती रचनेचा भाग होऊ शकत असेल तर तिला पूर्ण मान द्या, म्हणजे ती कोपऱ्यातून अर्धवट डोकावू देऊ नका. संगणकावर पुसून टाकण्याला माझा विरोध आहे, तो नियम म्हणून नव्हे. ओळखीच्या जागेचे चित्र हे त्या जागेविषयीचे विधान असते आणि खांब पुसला की ते विधान खोटे होते. वाऱ्याने आलेला कागदाचा बोळा शटर दाबण्याआधी हाताने उचलून ठेवणे मात्र सर्वस्वी योग्य.

११. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याने काय मिळते? दरवेळी चौकट तीच ठेवावी का?

पुनरावृत्तीने जागेचे वेळापत्रक कळते. सूर्य फक्त विषुवदिनांच्या (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांच्या) आसपासच नेमका पूर्वेला उगवतो. एरवी उगवण्याची जागा वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत राहते. हा पल्ला विषुववृत्तावर सुमारे ४७ अंशांचा असतो आणि ध्रुवांकडे जावे तसा वाढतो. विषुवदिनांच्या सुमारास ही सरक वेगाने होते, तर अयनदिनांच्या (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांच्या) सुमारास ती जवळजवळ थांबते. याचा व्यवहारातला अर्थ असा की एखाद्या बोळात सकाळचे ऊन वर्षातून दोनदा, काही दिवसच थेट आत येते, आणि ते दिवस पाहुण्याला कळणे अवघड, रहिवाशाला मात्र सहज कळतात. ओळखीच्या जागेतला आपला सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

चौकटीबाबत माझा सल्ला असा की एकच चौकट कायम ठेवावी आणि बाकी मोकळेपणाने फिरावे. कायमच्या चौकटीसाठी जवळची एक आणि दूरची एक, अशा दोन स्थिर गोष्टी निवडाव्यात, उदाहरणार्थ कुंपणाच्या खांबाचे टोक आणि मागच्या छपराचा कोपरा. त्या दोन्ही एकमेकींशी जशा जुळल्या होत्या तशाच जुळल्या की आपण त्याच जागी उभे आहोत. एक वीतभर सरकलो तरी त्यांचे जुळणे बिघडते. अमेरिकेत १९७७ ते १९७९ दरम्यान मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणांची छायाचित्रे ज्या जागांवरून घेतली होती त्या जागा हुडकून तीच दृश्ये पुन्हा टिपली, तीही अशाच जुळणीच्या आधारे.

१२. चित्रात माणसे असावीत का?

माणूस कितीही लहान दिसत असला तरी पाहणाऱ्याची नजर आधी त्याच्याकडे जाते. म्हणून तो असण्याला कारण हवे: जागेचे प्रमाण कळावे, किंवा त्याचे तिथे असणे हाच विषय असावा. ओळखीच्या परिसरात माणसेही ओळखीची असतात. तेव्हा चेहरा ओळखू येत असेल तर विचारूनच चित्र घ्यावे, आणि कोणाच्या अंगणात किंवा खिडकीत लेन्स रोखू नये.

१३. रंगीत की कृष्णधवल?

ज्यासाठी थांबलो ते नाते (प्रश्न ९) उजेड-अंधाराचे किंवा आकारांचे असेल तर कृष्णधवल. दोन रंगांच्या जवळिकीचे असेल तर रंगीत. फिका पडलेला रंग लपवण्यासाठी चित्र कृष्णधवल करू नये. कॅमेऱ्यावर कृष्णधवल पूर्वदृश्य लावून रॉ चित्र घेतले तर काम करताना उजेड-अंधार दिसतो आणि फाईलमध्ये रंगही शाबूत राहतो.

१४. संगणकावर किती संस्कार करावेत?

जेवढ्याने आपण पाहिलेला उजेड परत येईल तेवढे. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या आकुंचित चित्रफाईलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. आकाशातील किंवा धुक्यातील हळुवार चढ-उतार ताणल्यावर जेपेगमध्ये पट्टे दिसू लागतात, म्हणून शांत दृश्यांसाठी रॉ अधिक गरजेचे ठरते. सर्वाधिक बिघाड होतो तो सावल्या पूर्ण उजळवल्याने आणि रंगांचा गडदपणा वाढवल्याने. सावलीत काही न दिसणे हा दोष नाही. संस्कार केलेले चित्र एक रात्र तसेच ठेवून सकाळी पाहिले की अतिरेक लगेच जाणवतो.

१५. डबक्यातले प्रतिबिंब धारदार येत नाही. फोकस तर पाण्यावरच केला होता.

अडचण तिथेच आहे. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते पाण्यापर्यंतचे अंतर अधिक पाण्यापासून वस्तूपर्यंतचे अंतर इतके दूर असते. डबके एक मीटरवर आणि झाड वीस मीटरवर असेल तर फोकस झाडाच्या अंतरावर हवा. डबक्याची कड आणि झाड दोन्ही स्पष्ट हवे असतील तर अपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाशाचे छिद्र, लहान करावे (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान): फुल फ्रेमवर २८ मिलिमीटर लेन्स, एफ/११ आणि फोकस सुमारे २.४ मीटरवर ठेवला तर साधारण १.२ मीटरपासून अनंतापर्यंत स्वीकारार्ह स्पष्टता मिळते. एफ/१६ च्या पुढे गेल्यास विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच थोडे मऊ होऊ लागते.

कॅमेरा जितका पाण्याजवळ न्याल तितके प्रतिबिंब ठळक होते, कारण तिरप्या कोनात पाणी अधिक प्रकाश परतवते. पोलरायझर फिल्टर (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश आत सोडणारी काच) पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहताना प्रतिबिंब सर्वाधिक पुसतो. तळाचे दगड दाखवायचे असतील तरच तो लावा. त्यात दीड ते दोन स्टॉप प्रकाशही जातो, आणि रुंद लेन्सवर निळे आकाश एका बाजूला काळपट, दुसरीकडे फिके दिसते, कारण आकाशातील प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे एकाच दिशेत कंपणे, सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असते.

१६. शांत फोटो आणि कंटाळवाणा फोटो यांत फरक कसा ओळखायचा?

शांत चित्रात गोष्टी कमी असतात, पण ज्या असतात त्या एकमेकींना धरून असतात. कंटाळवाण्या चित्रातही गोष्टी कमीच असतात, फक्त त्यांचा परस्परांशी संबंध नसतो. ओळखण्याची एक सोपी कसोटी मी वापरतो: छापलेल्या प्रतीवर बोटाने एकेक भाग झाकून पाहावा. झाकल्यावर चित्र कोसळत असेल तर तो भाग आवश्यक आहे. काहीच बदलत नसेल तर तो भाग भरताड आहे आणि पुढच्या वेळी चौकट तिथे कापायला हवी. कोणताही भाग झाकला तरी फरक पडत नसेल, तर ते चित्र बाजूला ठेवावे.

रिकामी जागा म्हणजे शांतता नव्हे. रिकाम्या आकाशाखाली एकटे झाड ही रचना सहज जमते आणि म्हणूनच तिची गर्दी झाली आहे. दाट झुडपांनी भरलेल्या चौकटीतही शांतता असू शकते, जर फांद्यांची दिशा एक असेल आणि नजरेला विसावायला एखादी उजळ जागा असेल.

१७. एकाच जागेचे शेकडो फोटो साचले आहेत. निवड कशी करू?

काढल्यानंतर लगेच निवडू नका, कारण त्या सकाळची थंडी आणि केलेले कष्ट अजून मनात असतात आणि ते चित्रात आहेत असे वाटते. काही आठवडे जाऊ द्या. मग १० बाय १५ सेंटिमीटरच्या साध्या प्रती छापून जमिनीवर मांडा. पडद्यावर चित्रे एकामागून एक दिसतात, जमिनीवर ती एकमेकांशेजारी येतात आणि एकच गोष्ट दोनदा सांगणारी चित्रे लगेच कळतात. प्रश्न १६ मधील कसोटी इथे लावा. उरलेली पुसू नयेत. जागा बदलल्यावर त्यांतली काही केवळ नोंद म्हणूनही मोलाची ठरतात.

१८. आजारपणामुळे किंवा जबाबदाऱ्यांमुळे घराबाहेर पडता येत नाही. हे छायाचित्रण शक्य आहे का?

पूर्णपणे शक्य आहे. प्रागचे छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी आपल्या बागेतल्या स्टुडिओच्या खिडकीची एक मोठी मालिका केली. दव साचलेली काच, तिच्यापलीकडे वाकडे खोड असलेले झाड आणि कधी चौकटीवर ठेवलेली एखादी वस्तू, एवढेच तिचे विषय. तुमच्याकडे एकच खिडकी असेल तर प्रश्न ५ आणि ११ मधील सगळे काही तिलाही लागू पडते.

काचेतून चित्र घेताना खोलीतले दिवे मालवावेत, गडद कपडे घालावेत आणि लेन्सचे हूड (पुढचे कडे) काचेला टेकवावे. त्यामुळे खोलीची प्रतिबिंबे जातात. काचेवरचे थेंब हा विषय असेल तर फोकस काचेवर आणि अपर्चर मोठे, म्हणजे एफ/२.८ च्या आसपास. बाहेरचे झाड मग फक्त आकार म्हणून उरते. जाळी चित्रात नको असेल तर लेन्स तिच्या अगदी जवळ नेऊन अपर्चर मोठे ठेवले की ती विरघळते, फक्त चित्राची धार थोडी कमी होते. कडक केलेली सुरक्षा काच असेल तर पोलरायझर वापरू नये, कारण काचेतील ताणामुळे त्यात रंगीत डाग आणि पट्टे दिसू लागतात.